दुप्पट व्हायला किती दिवस?

आता संशोधन जहाजावर पहाटे तीनला कोणाला हलवून उठवावं लागत नाही. पूर्वी ते एक नेमून दिलेलं काम होतं. ज्याची पाळी असे तो केबिनच्या दारांवर थापा मारत फिरायचा, आणि आतून येणाऱ्या शिव्या खाणं हा त्या पाळीचाच भाग समजला जाई. उजाडायच्या आत पाणी वर यायला हवं, हा दंडक होता. खालच्या अंधाऱ्या थरातल्या पेशींवर एकदम लख्ख उजेड पडला की त्या बिथरतात आणि दिवसभराची मेहनत फुकट जाते. म्हणून डेकवरचे दिवे मालवलेले, बाटल्यांवर काळ्या कापडाच्या पिशव्या चढवलेल्या, आणि विंचवरचा सारंग अंधारातच तार सोडतोय. रत्नागिरीकडचा एक सारंग दर वेळी विचारायचा, "साहेब, एवढं पाणी उपसताय, गावाला दुष्काळ पडलाय काय?"

पाणी उपसायचं ते एका प्रश्नासाठी. भर समुद्रातलं वनस्पतीप्लवक किती वेगाने वाढतं? एका पेशीच्या दोन व्हायला किती वेळ लागतो? तासांत सांगा, दिवसांत सांगा, पण सांगा. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा जवळपास अर्धा वाटा या डोळ्यांना न दिसणाऱ्या, पाण्यात तरंगणाऱ्या पेशी उचलतात. मासळीपासून हवेतल्या कार्बनपर्यंतचे सगळे हिशेब या एका आकड्यापाशी येऊन अडतात. तरी तो आकडा सहजी हाती लागत नाही, कारण समुद्रात आज मोजलं आणि उद्या मोजलं तर उत्तर बहुधा तेच येतं. गर्दीच्या वेळी लोकलच्या डब्यातली डोकी परळला मोजा आणि दादर सोडल्यावर पुन्हा मोजा. संख्या तेवढीच भरते, म्हणून दादरला कोणी चढलं-उतरलंच नाही असं मुंबईकर तरी म्हणणार नाही. इथेही तसंच. रात्री पेशी दुभंगतात, आणि जवळपास तितक्याच पेशी सूक्ष्म प्राणी खाऊन टाकतात, विषाणू फोडतात किंवा त्या खाली बुडतात. आपल्याला दिसते ती शिल्लक. आवक किती आणि जावक किती, ते शिल्लक बघून कळत नाही.

गोव्यापासून सरळ पश्चिमेला हजारेक किलोमीटर गेलं की ६४ अंश पूर्व रेखांश येतो. नव्वदच्या दशकात जेगॉफ्स नावाचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम अरबी समुद्रात चालू होता. त्यातली भारतीय स्टेशनं याच रेषेवर होती आणि 'सागर कन्या' हे आपलं संशोधन जहाज त्या रेषेवर वर-खाली फिरत असे. एप्रिल-मे महिन्यात तिथलं पाणी इतकं निळं असतं की ते रिकामं आहे यावर कोणाचाही विश्वास बसावा. पृष्ठभागावरच्या एका घनमीटर पाण्यात हरितद्रव्य मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. आमच्या आधीच्या पिढीने अशा पाण्याला समुद्री वाळवंट म्हटलं होतं. तिथल्या पेशी उपाशी, अर्धवट झोपेत, चार-चार, आठ-आठ दिवसांत कशाबशा एकदा दुभंगणाऱ्या, असंच पुस्तकांत वाचायला मिळे.

हे मत बाटलीतून आलं होतं. १९२७ मध्ये नॉर्वेच्या गार्डर आणि ग्रान यांनी एक उजेडातली आणि एक काळी अशी बाटल्यांची जोडी वापरून प्राणवायूतला फरक मोजायची रीत बसवली. किनाऱ्याजवळच्या हिरव्या पाण्यात ती उत्तम चाले. भर समुद्रात फरक इतका किरकोळ पडे की मोजणाऱ्याच्या हातातली चूक त्याहून मोठी ठरे. मग डेन्मार्कचं 'गॅलाथिया' जहाज १९५० ते १९५२ या काळात जगप्रदक्षिणेला निघालं. त्यावर आयनर स्टीमान नीलसन यांनी कार्बन-१४ वापरला. पाण्याच्या बाटलीत किरणोत्सारी बायकार्बोनेटचे काही थेंब टाकायचे, बाटली काही तास उजेडात ठेवायची, मग पाणी गाळून गाळणकागदावर अडकलेल्या पेशींनी किती कार्बन आत घेतला ते मोजायचं. युक्ती इतकी संवेदनशील की वाळवंटातलीही हालचाल तिला जाणवली. जगभरच्या जीवशास्त्रज्ञांनी ती उचलली, आणि पुढची चाळीस वर्षं समुद्राची उत्पादकता म्हणजे कार्बन-१४ असं समीकरणच होऊन बसलं.

आमच्याकडे तो कार्बन मुंबईहून, अणुऊर्जा विभागाच्या 'ब्रिट'कडून काचेच्या बंद कुप्यांत यायचा. एका कुपीत पाच मायक्रोक्युरी. पहाटेच्या अंधारात कुपीची मान कट्कन मोडायची, द्रव बाटलीत रिकामा करायचा आणि मग बाटल्यांची माळ दोराला बांधायची. एक पृष्ठभागावर, पुढची दहा मीटरवर, मग वीस, चाळीस, साठ, अशी शंभरच्याही खाली. वर तरंगतं पिंप, त्यावर बांबू आणि बांबूला झेंडा. सूर्य उगवायच्या आत ही माळ समुद्रात सोडून द्यायची आणि सूर्यास्ताला शोधून काढायची. दिवसभर जहाज तिच्या आसपास घुटमळत राही. संध्याकाळी ब्रिजवर सगळे दुर्बिणी घेऊन उभे. वाऱ्याने माळ कुठल्या कुठे नेलेली असायची, आणि लाटांच्या उतारावर बांबूचं टोक पहिल्यांदा ज्याला दिसे त्याच्या नावाचा जयघोष व्हायचा. त्या संध्याकाळी चहा अंमळ गोडच लागायचा, हे कबूल.

पण गाळणकागद आम्लाच्या वाफेवर धरून व्हायलमध्ये बंद झाले की उत्साह ओसरत असे. मोजणी किनाऱ्यावर, सिंटिलेशन काउंटरवर. जहाज मुरगावला लागायचं, सामान उतरायचं आणि आकडे पुढे कधीतरी हाती यायचे. आणि ते आले तरी ते वाढीचा दर नसत. दिवसाला किती कार्बन तयार झाला, एवढंच ते सांगत. दर काढायचा तर त्याला पाण्यातल्या जिवंत पेशींच्या कार्बनने भागायला हवं, आणि तो किती हे सरळ मोजण्याचा मार्गच नव्हता. गाळणकागदावर जिवंत पेशींबरोबर मेलेला कचरा, विष्ठेचे कण, जीवाणू असं सगळंच येतं. म्हणून हरितद्रव्य मोजायचं आणि त्याला एका गुणकाने गुणून कार्बन काढायचा. हा गुणक कोणी ३० घेई, कोणी ५०, कोणी १००. भर उन्हातली पेशी हरितद्रव्य कमी ठेवते, अंधारातली जास्त, त्यामुळे प्रत्येकाला आपल्या गुणकासाठी कारण सापडे. गुणक बदलला की तोच समुद्र तिप्पट वेगाने वाढू लागे. इतक्या निगुतीने पहाटे तीनला उठून केलेल्या प्रयोगाचा शेवट असा अंदाजपंचे होई, याची गंमत तेव्हा कोणाला फारशी वाटत नसे.

जागतिक हिशेबातही हीच तऱ्हा होती. चाळीसच्या दशकात अमेरिकेच्या गॉर्डन रायली यांनी प्राणवायूच्या पद्धतीवरून सगळ्या महासागरांचं वर्षाचं उत्पादन सव्वाशे अब्ज टन कार्बनच्या घरात मांडलं होतं. स्टीमान नीलसन यांनी ते पंधरा-वीसवर आणलं. दोघेही कसलेले लोक, दोघांचंही मोजमाप काटेकोर आणि उत्तरांत सहा-आठ पटींचं अंतर. आज तो आकडा पन्नासच्या आसपास धरतात. जगभरच्या वनस्पतीप्लवकाचा एका वेळचा साठा जेमतेम एक अब्ज टन कार्बन, आणि वर्षाला पन्नास तयार होतो. म्हणजे सगळा साठा साधारण आठवड्याला एकदा नवा होतो. जमिनीवरच्या जंगलांना याच कामाला वर्षानुवर्षं लागतात.

वाळवंटाच्या कल्पनेला तडा गेला तो सत्तरीच्या अखेरीस. १९७९ मध्ये गोल्डमन, मॅकार्थी आणि पीव्ही यांनी एक आडवा युक्तिवाद केला. प्रयोगशाळेत उपाशी ठेवलेल्या पेशींतलं कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरसचं प्रमाण बिघडतं, पोटभर खाऊन भराभर वाढणाऱ्या पेशींत ते 'रेडफील्ड प्रमाण' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १०६:१६:१ जवळ राहतं. आणि भर समुद्रातल्या कणांत ते जवळजवळ तसंच सापडतं. मग तिथल्या पेशी उपाशी कशा? तीनच वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंगच्या जॉन मार्टिन यांच्या गटाने बाटलीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. नमुना घेण्याच्या उपकरणातलं रबर, तारेवरचा गंज आणि ग्रीस, काच, हातांचा मळ, इतकंच काय, खुद्द त्या किरणोत्सारी द्रावणातले धातूंचे अंश, हे सगळं मिळून भर समुद्रातल्या नाजूक पेशींना विषासारखं होतं. तेच प्रयोग स्वच्छतेने केले की दर चांगलेच वर जात होते. हेच मार्टिन पुढे समुद्रातल्या लोहाच्या टंचाईच्या सिद्धांताने जगभर गाजले, पण माझ्या लेखी त्यांचं हे बाटल्या धुण्याचं कामच अधिक मोठं आहे. बाटल्या हातमोजे घालून, विरल आम्लात भिजवून घासणं हा त्यानंतर आमच्या धंद्यातला नित्यनेम झाला. 'आमच्या वेळी असली थेरं नव्हती' असं म्हणणारे तेव्हाही होते.

स्मरणरंजनाची माझी अडचण इथेच सुरू होते. त्या पहाटा, ती झेंड्याची शोधाशोध, ते सगळं आठवलं की छान वाटतं. पण त्या काळच्या पुष्कळ आकड्यांना आज आधार म्हणून कोणी हात लावू नये. रात्री चांगल्या होत्या, दर कच्चे होते.

जुन्यातलं एकच काम मला आजही निर्विवाद मोलाचं वाटतं, ते म्हणजे डोळ्यांनी मोजणं. सेराशियम नावाची एक तीन शिंगांची पेशी उष्ण समुद्रात सर्वत्र आढळते. ती रात्री तिरकी दुभंगते. दोन्ही लेकींच्या वाट्याला आईचं अर्धं-अर्धं कवच येतं आणि उरलेलं अर्धं त्या नव्याने घडवतात. त्यामुळे ताजी दुभंगलेली पेशी आखूड, अर्धवट शिंगांवरून सूक्ष्मदर्शकाखाली चटकन ओळखू येते. रात्रभर दर दोन-तीन तासांनी जाळं ओढायचं, नमुना लुगोलच्या आयोडीनमध्ये बुडवायचा आणि दर शंभरात दुभंगणाऱ्या किती ते मोजत जायचं. त्यावरून दर निघतो, तोही एका विशिष्ट जातीचा. त्यात बाटली नाही, विष नाही, गुणक नाही. समुद्राने समुद्रातच काय केलं, तेवढंच नोंदवायचं. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत सॅली चिझम आणि इतरांनी याचं गणित नीट बांधून दिलं. कष्ट मात्र जीवघेणे होते. हलत्या जहाजावर भिंगातून पाहिलं की बोट लागायचीच, म्हणून खरी मोजणी किनाऱ्यावर. एका हातात टक्-टक् करणारा गणक, दुसऱ्या हाताने काचपट्टी सरकवायची, आणि खोलीत आयोडीनचा वास. दिवसभरात चार-पाच नमुने झाले तर खूप झालं. पण त्या मोजणाऱ्यांना जाती चेहऱ्याने ओळखू येत. कुठली पेशी निरोगी, कुठली आतून रिकामी, हे त्यांना सांगावं लागत नसे. तशी नजर असलेली माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि नव्या जागा भरताना या कौशल्याला कोणी विचारत नाही.

१९८२ मध्ये आणखी एक गोष्ट झाली, जी मला या विषयातली सर्वांत देखणी वाटते. मायकल लँड्री आणि हॅसेट यांनी वॉशिंग्टनच्या किनाऱ्याजवळ समुद्राच्या पाण्यात गाळलेलं समुद्राचंच पाणी मिसळलं. बस, एवढंच. काही बाटल्यांत सगळं मूळ पाणी, काहींत तीन चतुर्थांश, काहींत निम्मं, काहींत पाव. पाणी पातळ केलं की खाणारे आणि खाल्ले जाणारे यांची गाठ कमी वेळा पडते. पेशीची दुभंगण्याची गती मात्र बदलत नाही, कारण ती शेजारी कोण आहे यावर अवलंबून नसते. चोवीस तासांनी प्रत्येक बाटलीतली निव्वळ वाढ काढायची आणि आलेखावर मांडायची. बिंदूंमधून काढलेली रेघ शून्य मूळ पाण्याच्या टोकाला जिथे टेकते, ती खरी वाढ. रेघेचा उतार म्हणजे खाल्लं जाण्याचा दर. आवक आणि जावक एकाच प्रयोगात वेगळी होते. खोटं कशाला बोला, पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं की हे आपल्याला का सुचलं नाही.

यातही गृहीतं आहेत. पेशींना पोषणद्रव्यं कमी पडू नयेत म्हणून बाहेरून घालावी लागतात, आणि खाणारे अन्नाच्या प्रमाणातच खातात असं मानावं लागतं, जे दर वेळी खरं नसतं. तरी पारदर्शक प्लॅस्टिकच्या त्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या, डेकवरच्या टाकीत सतत वाहणारं समुद्राचं पाणी आणि उजेड खोलीप्रमाणे कमी करायला गुंडाळलेली जाळी, हे दृश्य नव्वदच्या दशकात जगभरच्या जहाजांवर दिसू लागलं. १९९५ मध्ये अमेरिकेचं 'थॉमस जी. थॉम्पसन' मस्कतहून अरबी समुद्रात फिरलं, तेव्हा त्यावरही हे प्रयोग झाले. कित्येक ठिकाणी वाढीचा मोठा हिस्सा त्याच दिवशी खाल्ला जातोय असं दिसलं. निळ्या, रिकाम्या भासणाऱ्या पाण्यात धावपळ चालू होती, फक्त शिल्लक हलत नव्हती.

दरम्यान कळलं की आम्ही ज्यांना मोजत होतो, त्या पेशी त्या पाण्यातल्या मुख्य रहिवासीच नव्हत्या. चिझम आणि ऑल्सन यांनी रुग्णालयात रक्तपेशी मोजायला वापरतात तसला फ्लो सायटोमीटर जहाजावर चढवला, आणि १९८८ मध्ये प्रोक्लोरोकॉकस जगासमोर आला. व्यास अर्ध्या मायक्रॉनहून थोडा जास्त, केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याएवढा. एका मिलिलिटरमध्ये लाखभर पेशी सहज. आमच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या कधी दिसल्याच नव्हत्या, आणि जुन्या गाळणकागदांच्या छिद्रांतून त्यातल्या कित्येक निसटून गेल्या होत्या. मग १९९५ मध्ये डॅनियल वोलो आणि सहकाऱ्यांनी प्रशांत महासागराच्या विषुववृत्तावर सेराशियमचीच युक्ती डीएनए रंगवून या चिमुकल्यांवर वापरली. दिवसा वाढ, संध्याकाळी डीएनएची प्रत, रात्री विभाजन. तीसेक मीटर खोलीवर दर साधारण दिवसाला एकदा दुप्पट. म्हणजे ज्या जागेला आपण वाळवंट म्हणत होतो, तिथले रहिवासी रोज रात्री एकाचे दोन होत होते.

आणि तरीही हा कमाल वेग नव्हे. रिचर्ड एपली यांनी १९७२ मध्ये तापमानावरून वाढीची वरची मर्यादा दाखवणारा वक्र काढला होता. अरबी समुद्राच्या २८ अंश सेल्सियसला त्याचं उत्तर दिवसाला पाच वेळा दुप्पट असं येतं. कागदावरचा तो पाचाचा आकडा आणि समुद्रातला एक-दीड यांच्यामधली जागा लोह, नायट्रोजन, उजेड आणि पेशीचा आकार यांनी भरलेली आहे, आणि तिच्यावर अजून शोधनिबंध लिहिले जातात.

आजचं जहाज वेगळंच आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे २०१४ पासून 'सिंधु साधना' आहे, ऐंशी मीटर लांब. किरणोत्सारी कार्बनाच्या परवानग्यांची कटकट नको म्हणून बरेच जण आता स्थिर कार्बन-१३ वापरतात. परदेशी जहाजांवर सीफ्लोसारखी यंत्रं जहाज चालत असतानाच पाणी आत ओढून अखंड पेशी मोजतात. इमेजिंग फ्लोसायटोबॉट प्रत्येक पेशीचा फोटो काढतो. दिवसभरात पेशी किती फुगल्या आणि रात्री किती आखडल्या, या आकारांच्या आलेखावरून गणिताने विभाजनाचा दर निघतो. तत्त्व तेच, आखूड शिंगांचं. फक्त रात्रभर जागणारा आता डोळे चोळत नाही. तरंगते फ्लोट दहा-दहा दिवसांनी खोल पाण्यातून वर येऊन हरितद्रव्य, प्राणवायू आणि कणांवरून परावर्तित होणारा प्रकाश यांच्या नोंदी उपग्रहाकडे पाठवतात. भर पावसाळ्यातही, जेव्हा आम्ही बादलीत तोंड खुपसून पडलेलो असायचो.

आकाशातून रंग बघण्याचं काम तर १९९९ च्या ओशनसॅट उपग्रहापासून आपणही करतो. पाण्याचा रंग आणि कणांचं प्रकीर्णन यांवरून पेशींतला कार्बन वेगळा आणि हरितद्रव्य वेगळं काढता येतं, आणि दोघांच्या गुणोत्तरावरून वाढीचा दर. २००५ मध्ये मायकल बेरेनफेल्ड यांनी ही वाट उघडली. तो जुना हातचा गुणक, ज्यावरून इतकी भांडणं झाली, आता समुद्राच्या प्रत्येक चौकोनासाठी वेगळा निघतो. याचा मला हेवा वाटतो, आणि तो लपवायचं कारण नाही.

पण उपग्रहाला कोण ते कळत नाही. हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रात हिरवे पट्टे उठतात. पूर्वी ते डायटम नावाच्या शैवालांचे असत. या शतकात तिथे नॉक्टिल्युका ही एकपेशीय जीवांची जात माजलेली दिसते. तिच्या पोटात हिरवे शैवाल भाडेकरू म्हणून राहतात, ती प्रकाशावर जगते आणि शिवाय इतरांना खातेही. गोव्यातून अमेरिकेत गेलेल्या हेल्गा गोम्स आणि जोकिम गोज यांनी २०१४ मध्ये या बदलाचा संबंध प्राणवायू घटलेल्या पाण्याशी जोडला. २०१८ मध्ये हैदराबादच्या इन्कॉइस या महासागर माहिती केंद्रातल्या संशोधकांनी प्राणवायू भरपूर असलेल्या पाण्यातही हे बहर सापडल्याचं दाखवलं. वाद चालू आहे. अशा जीवाचा वाढीचा दर कोणत्या खात्यात धरायचा, वनस्पतीच्या की खाणाऱ्याच्या, हे वरून बघून ठरत नाही. कोणीतरी जाळं ओढून, पाणी काचेवर घेऊन भिंगातून पाहावंच लागतं.

दुसरी गोष्ट सांगितली की संगणकासमोर बसलेली तरुण मंडळी जरा चमकतात. उपग्रहावरून उत्पादन काढण्याचं सर्वांत जास्त वापरलेलं सूत्र १९९७ मध्ये बेरेनफेल्ड आणि फाल्कोव्स्की यांनी मांडलं. त्याच्यासाठी समुद्रात सतराशेच्या आसपास ठिकाणी झालेली कार्बन-१४ ची हजारो मोजमापं वापरली होती, त्यातली कित्येक सत्तरच्या दशकातली. म्हणजे मॉस लँडिंगच्या स्वच्छतेआधीच्या, रबर आणि गंजाच्या काळातल्या बाटल्याही त्यात आल्याच. खाल्लं जाण्याच्या दराचे जागतिक नकाशे लँड्री-हॅसेटच्या बाटल्यांतून आलेल्या आकड्यांवर बेततात. नवीन फ्लोटचं गणित तपासायचं झालं तरी शेजारी कोणीतरी पाणी भरून चोवीस तास टाकीत ठेवतंच.